१९६६ची फेंडर मस्टँग : शोध, तपासणी, सौदा आणि पुढची कामं

८ सप्टेंबर २०२४, एडिसन, न्यू जर्सी

लेकीला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. तेरावं लागलंय, हात अजून लहान आहेत. माझ्या स्ट्रॅटोकॅस्टरवर पहिल्या तीन फ्रेटमध्ये (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तिची बोटं ताणतात. नवी स्वस्त गिटार घेऊन मोकळं होता आलं असतं, पण घरात एक जुनी, खऱ्या अर्थाने जुनी गिटार यावी ही माझी फार दिवसांची इच्छा. दोन्ही गोष्टी एकाच वाद्यात बसत असतील तर ते फेंडर मस्टँग.

मस्टँग १९६४ साली आली. तिच्या आधी फेंडरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या दोन गिटार होत्या, म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक, दोन्ही १९५६च्या. मस्टँग त्याच घराण्यातली, फक्त तिला व्हायब्रेटोची, म्हणजे सूर हलवायची, दांडी मिळाली. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकवणारी पट्टी) ब्रिजपर्यंतचं (बॉडीवर तारा टेकतात ती जागा) अंतर २४ इंच, म्हणजे स्ट्रॅटपेक्षा दीड इंच कमी. साडेबावीस इंचीही बनत होती. ओळखायला सोपी खूण: २४ इंचीला २२ फ्रेट, साडेबावीस इंचीला २१. आपल्याला २४ इंची हवी, म्हणजे लेक मोठी झाली तरी सोडून द्यावी लागणार नाही.

साठच्या दशकातली स्ट्रॅट किंवा गिब्सनची लेस पॉल आमच्या आवाक्याबाहेर. मस्टँग मात्र स्ट्रॅटच्याच फुलर्टनच्या कारखान्यातली, त्याच हातांनी जुळवलेली. विद्यार्थ्यांची गिटार म्हणून तिला अनेक वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. नव्वदच्या दशकात पैसे नसलेल्या पोरांनी गहाणवटीच्या दुकानांतून त्या उचलल्या आणि मग चित्र पालटलं. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची १९६९ची निळी मस्टँग मे २०२२मध्ये लिलावात सुमारे ४५ लाख डॉलरला गेली. तो आकडा कोबेनचा आहे, मस्टँगचा नाही. पण विकणारे तोच आकडा डोक्यात ठेवून जाहिरात लिहितात.

१५ सप्टेंबर

भावाचा अभ्यास. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला फक्त दुसरीत रस आहे. ऑनलाइन बाजारात विकल्या गेलेल्या गिटारींच्या किमती शोधता येतात, तेवढ्याच वहीत उतरवल्या. ‘व्हिंटेज गिटार’ मासिकाची दरवर्षीची किंमत-पुस्तिका मित्राकडून आणली. तिच्यातले आकडे सगळे भाग मूळचे असलेल्या, चांगल्या अवस्थेतल्या गिटारीचे असतात. तिथून खाली उतरत यायचं.

वहीतल्या नोंदींवरून ६५-६७च्या, न छेडलेल्या मस्टँगचा व्यवहार साधारण १८०० ते २४०० डॉलरच्या दरम्यान होतोय. पुन्हा रंगवलेली असेल तर जवळजवळ निम्मा. हे ‘निम्मा’ जुन्या गिटारींच्या धंद्यात सगळेच मानतात. हेडस्टॉक (मानेचं वरचं टोक, जिथे तारा गुंडाळतात) मोडून जोडलेला असला तरी तसंच. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या दोन्ही दोषांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोडून जोडलेल्या मानेची काळजी कायमची राहते. पुन्हा रंगवलेली बॉडी तारांखाली कुणाचं काहीच अडवत नाही. म्हणून ठरवलं: दुसऱ्या कुणीतरी रंगवून ‘बिघडवलेली’, पण आतून हात न लागलेली मस्टँग शोधायची. संग्राहक तिच्याकडे पाठ फिरवतो, आणि आपलं तिथेच जमतं.

२१ सप्टेंबर

पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेमहून एक जाहिरात. काळी मस्टँग, पांढरा शिंपल्यासारखा चमकणारा पिकगार्ड (बॉडीवरचा प्लॅस्टिकचा पत्रा), व्हायब्रेटोची दांडी नाही. मजकूर: ‘प्री-सीबीएस, १६ मार्च १९६६ रोजी बनलेली, सगळं ओरिजिनल’. किंमत १४०० डॉलर.

एका ओळीत दोन चुका. प्री-सीबीएस म्हणजे सीबीएसच्या आधीची. सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी जानेवारी १९६५मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. तेव्हा १९६६ची कोणतीही फेंडर प्री-सीबीएस असू शकत नाही. आणि ती ‘१६ मार्च’ तारीख नाही. त्या काळी मानेच्या बॉडीकडच्या टोकाला जो शिक्का मारत त्यात महिन्याआधीचा आकडा म्हणजे मानेचा प्रकार. १६ हा २४ इंची मस्टँगचा. नंतर महिना, वर्ष आणि शेवटी नटच्या रुंदीचं अक्षर. ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच-अष्टमांश. शिवाय तो महिना मान तयार झाल्याचा. गिटार त्यानंतर कधीतरी जुळवलेली.

विकणाऱ्याला फसवायचं आहे असं मला वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण १६ वाचायला त्याने कधीतरी मान काढून पाहिलेली आहे आणि तिथे खरोखर शिक्का आहे. मी आनंदून लगेच काही लिहिलं नाही. फोटो मागितले: मान जिथे बॉडीला जोडली आहे तिथली मागची धातूची पट्टी, हेडस्टॉक पुढून-मागून, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), शिक्का, पिकगार्ड उघडून आतलं वायरिंग.

२४ सप्टेंबर

फोटो आले. वायरिंगचा सोडून बाकी सगळे.

मागच्या पट्टीवर मोठा ‘एफ’ आणि एक लाख तीस हजारांच्या घरातला क्रमांक, म्हणजे ६५ ते ६७च्या मधला. या क्रमांकांवर याहून जास्त भरवसा ठेवू नये. पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा लावल्या जायच्या, आणि पट्टी चार स्क्रूंची. कुठल्याही गिटारीवरून कुठल्याही गिटारीवर जाते. शिक्का पुसट, पण शेवटी ‘बी’ वाचता येतं. खूश झालो. अनेक मस्टँग ‘ए’ मानेच्या असतात. वाजवायला अरुंद, विकायलाही अवघड.

ट्यूनर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बटणांचे. एक बटण आक्रसून तडकलंय. ट्यूनर बदललेले असते तर हेडस्टॉकच्या मागे जुन्या स्क्रूंची जादा भोकं दिसली असती. इथे नाहीत. हेडस्टॉकवरचं लेबल शाबूत. म्हणजे मान पुन्हा रंगवलेली नसावी, फक्त बॉडी. काळा रंग मात्र कारखान्याचा वाटत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मस्टँग लाल, निळी आणि पांढरी अशा तीन रंगांत मिळे. लाल-निळीला शिंपल्याचा पांढरा पिकगार्ड, पांढरीला सहसा कासवाच्या पाठीसारखा तपकिरी. हा पिकगार्ड मूळचा असेल तर काळ्याखाली लाल किंवा निळी आहे.

विकणाऱ्याला स्पष्ट लिहिलं: यायचं आहे, पण मान काढून आणि पिकगार्ड उघडून बघेन, नव्या तारा मी आणेन आणि गिटार होती तशी जुळवून देईन. तो हो म्हणाला. उघडू न देणाऱ्याकडून जुनी गिटार घेऊ नये, मग ती कितीही गोड वाजो.

५ ऑक्टोबर, बेथलहेम

सकाळी लवकर निघालो. लेक सोबत. बेथलहेमच्या शेजारीच नाझरेथ, मार्टिन गिटारींचं गाव. त्यामुळे या भागात घरोघरी कुणीतरी वाद्यांशी संबंधित सापडतं. विकणारे सत्तरीचे गृहस्थ, गिटार त्यांच्या धाकट्या भावाची. भावाने हायस्कूलमध्ये असताना गॅरेजमध्ये स्प्रेने काळी केली म्हणाले. म्हणजे ‘सगळं ओरिजिनल’ हे त्यांच्या मते खरंच होतं: भावाकडे होती तशी.

बरोबर नेलेलं: क्रमांक दोनचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर, अतिनील टॉर्च, भिंग, तारांचा संच, छोटा अॅम्प, केबल.

आधी न उघडता वाजवून पाहिली. मस्टँगच्या प्रत्येक पिकअपला (तारांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग) तीन जागांचा सरकता स्विच असतो, मधली जागा बंद, दोन्ही टोकं चालू. दोन्ही स्विच एका दिशेला असले तर आवाज भरीव, विरुद्ध दिशेला असले तर पातळ, नाकातला, कारण पिकअप एकमेकांचा आवाज खोडतात. सगळ्या जोड्या सरकवून पाहिल्या. मानेकडचा स्विच खरखरतो, पण चालतो. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवली. पहिल्या पाच फ्रेटमध्ये पातळ तारांखाली खड्डे पडलेत, फ्रेट बुटके झालेत. मूळचेच असावेत. मान सरळ, किंचित पुढे झुकलेली.

मग खोलीतला पडदा ओढून अतिनील टॉर्च. जुनी नायट्रोसेल्युलोज लाख या प्रकाशात हिरवट-पिवळी उजळते, नवा रंग मंद, गडद राहतो. हेडस्टॉक आणि मानेची पाठ अंगभर सारखी उजळली, मध्ये कुठेही काळा पट्टा किंवा डाग नाही. मोडून जोडलेली मान इथे लपत नाही. हेडस्टॉक मानेला जिथे मिळतो ती जागा भिंगाखाली पुन्हा बघितली. स्वच्छ. बॉडी पूर्ण गडद, अपेक्षेप्रमाणे.

तारा उतरवून मान काढली. शिक्का भिंगाखाली वाचला: १६, मार्च, ६६, बी. मानेच्या खाचेत कारखान्याची पातळ पुठ्ठ्यासारखी पट्टी अजून आहे, काढून कुणी फेकलेली नाही. त्या काळात रंगवताना बॉडीला धरायला याच खाचेत एक काठी ठोकायचे, त्यामुळे मूळ रंगाच्या फेंडरमध्ये तिथे काठीच्या आकाराची कोरी जागा राहते. इथे काळा रंग पार आतपर्यंत उडालेला. पण खाचेच्या कोपऱ्यात, काळ्याखाली, फिकट निळा. व्हायब्रेटोच्या पोकळीत तर निळा भरपूर. लेकीने तो आधी पाहिला.

आता मुख्य भाग. पिकगार्ड आणि नियंत्रणांची धातूची पट्टी उघडली. इथे गिटारीची खरी किंमत ठरते आणि जाहिरातीच्या फोटोत ही जागा जवळजवळ कधीच नसते.

वायर कापडी वेष्टनाच्या, मळून तपकिरी झालेल्या, ६६ला साजेशा. पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या ‘पॉट’च्या, पाठीवर आकडा: ३०४६६०७. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९६६चा सातवा आठवडा, फेब्रुवारीचा मध्य. मान मार्चची, पॉट फेब्रुवारीचे. छान जुळतं. हा आकडा वाचताना एक ध्यानात ठेवायला हवं: पॉटची तारीख फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते. फेंडरने १९६६मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला की १९६९च्या गिटारींतही ६६चे पॉट सापडतात. त्यामुळे एकट्या पॉटवरून साल ठरवणं चूक. मान, पॉट, पट्टी, वायर आणि पिकअप यांतले तीन-चार साक्षीदार एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील तर मानायचं.

सोल्डरचे सांधे एकेक करून भिंगाखाली. जुना सांधा निस्तेज, करडा, भोवती राळेचा पिवळसर डाग. नंतर कुणी हात लावला असेल तर तिथे चकचकीत गोळा दिसतो किंवा शेजारचं कापडी वेष्टन करपलेलं असतं. एक सोडून सगळे सांधे जुने. नवा सांधा केबल खोचायच्या जॅकचा; जॅक बदललेला आहे. जॅक झिजतोच, त्यात वावगं काही नाही.

पिकअपच्या तळाशी करडा पुठ्ठा, ६४ नंतरचा. मल्टिमीटरवर, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, मानेकडचा ५.७ आणि ब्रिजकडचा ६.० किलो-ओहम. पॉट समांतर जोडलेला असल्याने प्रत्यक्ष आकडा किंचित जास्त असणार. तार तुटलेली नाही, पुन्हा गुंडाळल्याची काही खूण नाही.

सगळं जुळवून परत दिलं. स्क्रू लाकडात परत घालताना आधी थोडा उलटा फिरवायचा; जुन्या आट्यांत तो बसल्याची बारीक टिक जाणवली की मग सुलटा. नाहीतर प्रत्येक वेळी नव्या आट्या कापल्या जातात आणि साठ वर्षांचं लाकूड भुसभुशीत होतं. गृहस्थांना पॉटवरचा आकडा कसा वाचायचा ते दाखवलं. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला.

किमतीचं बोललो नाही. घरी जाऊन कळवतो म्हणालो.

६ ऑक्टोबर

हिशेब.

पूर्ण मूळची, याच अवस्थेतली असती तर वहीतल्या व्यवहारांवरून २१०० धरतो. बॉडी पुन्हा रंगवलेली, म्हणून निम्मे: १०५०. दांडी नाही. जुनी मूळ दांडी वेगळी घेतली तर शंभराच्या आसपास. जॅक नगण्य. फ्रेट दोन-तीन वर्षांत बदलावे लागणार, इथल्या मिस्त्रीने साडेतीनशेचा अंदाज दिलाय. पण तो सगळा खर्च विकणाऱ्याच्या माथी मारणं बरोबर नाही. झिजलेले मूळ फ्रेट हा वापराचा भाग आहे. दुसऱ्या बाजूला, ‘बी’ मान, न छेडलेलं वायरिंग, मूळ पिकअप, मूळ ट्यूनर, रंग न लागलेली मान. ‘निम्मा’ हा ठोकताळा पुन्हा रंगवलेल्या सगळ्या गिटारींना एकाच मापाने मोजतो, आणि त्यातल्या बहुतेकांचे पिकअप आणि पॉटही बदललेले असतात. ही तशी नाही. माझ्या मते ९५० ते ११०० ही रास्त किंमत.

गृहस्थांना हे सगळं लिहून पाठवलं. आकड्यांसकट. प्री-सीबीएस का नाही तेही, शिक्क्याचा अर्थही. ९५० देऊ केले. दबाव आणून भाव पाडायचा नव्हता. ज्याच्या भावाची गिटार आहे त्याला तिच्यात काय आहे आणि काय नाही हे कळायला हवं.

८ ऑक्टोबर

त्यांचं उत्तर. बाराशे म्हणाले, फोनवर बोलणं झालं, १०५० वर ठरलं. जुन्या सामानात दांडी शोधून ठेवतो म्हणालेत.

१२ ऑक्टोबर

दसरा. गिटार घरी आली. आमच्याकडे दसऱ्याला हार्मोनियम आणि तबल्याची पूजा असते, यंदा त्यांच्या शेजारी मस्टँग. विक्रीची पावती लिहून घेतली: क्रमांक, मानेचा शिक्का, ‘बॉडी पुन्हा रंगवलेली’ आणि ‘जॅक बदललेला’ असं स्पष्ट. पुढे कधी विकली तर घेणाऱ्याला हा कागद मिळेल. दांडी सापडली नाही.

१९ ऑक्टोबर

जुळणी. या काळातल्या फेंडरमध्ये मानेतला ट्रस रॉड (मानेचा वाक सांभाळणारी सळी) मानेच्या बॉडीकडच्या टोकाने फिरवावा लागतो, म्हणजे प्रत्येक वेळी मान काढा, पाव वळसा द्या, पुन्हा लावा, तारा चढवा, बघा. घाई केली की स्लॉट खराब होतो. शनिवार यातच गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. कारखान्याची पुठ्ठ्याची पट्टी होती तिथेच ठेवली.

खरखरणाऱ्या स्विचमध्ये क्लीनरचे दोन थेंब, वीसेक वेळा सरकवला, आवाज साफ. बदलायचा प्रश्नच नाही. फ्रेटचे खड्डे मिस्त्रीकडून हलके घासून सपाट करून घेतले. आणखी काही वर्षं निघतील. तारा ११च्या, म्हणजे जरा जाड, चढवल्या, कारण २४ इंचांवर पातळ तारा लुळ्या पडतात.

मिस्त्री विचारत होता, निळी करून देऊ का, खालचा रंग तर कळलाच आहे. नको. नव्याने लावलेला निळाही पुन्हा रंगवलेलाच धरला जातो, गेलेली निम्मी किंमत त्याने परत येत नाही. आणि साठच्या दशकाचा उरलासुरला खरा निळा खाचेत आणि पोकळीत आहे, तो घासला की गेला. वरचा काळा एका शाळकरी पोराने आपल्या हौसेने मारलेला आहे. राहू दे.

तडकलेलं ट्यूनरचं बटण पडेपर्यंत तसंच ठेवणार. पडलं तर फक्त बटण बदलायचं, ट्यूनर नाही.

२७ ऑक्टोबर

फिंगरबोर्डच्या लाकडाचा प्रश्न, कारण कधीतरी ही पुण्याला न्यायची आहे. त्या वर्षांत फेंडर ब्राझिलच्या रोझवूडकडून भारतीय रोझवूडकडे वळत होती. भारतीय म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारा, जुन्या वाड्यांतल्या शिसवी कपाटांचा. फेंडर तेव्हा मानेवर लाकडाचा पातळ वळणदार थर चिकटवत असे, त्यामुळे बाजूने बघून ओळखायला लाकूडच पुरेसं दिसत नाही. मिस्त्री म्हणतो रेषा ब्राझिलच्या वाटतात. खात्री देत नाही.

फरक महत्त्वाचा आहे. ब्राझिलचं रोझवूड १९९२पासून साइट्सच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट एकमध्ये आहे, देशाबाहेर नेताना परवाना लागतो, वाद्य जुनं असलं तरी. शिसव आणि त्याची सगळी जात जानेवारी २०१७मध्ये परिशिष्ट दोनमध्ये आली आणि वादकांची जवळजवळ तीन वर्षं फार ओढाताण झाली. नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही गिटार संशयाच्या सीमेवर आहे, म्हणून ब्राझिलचं धरूनच वागायचं. कागद हातात येईपर्यंत ती विमानात बसणार नाही. जुनी गिटार घेऊन देश बदलणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बघावं; विमानतळावर जप्त झालेल्या वाद्याला बाजारभाव नसतो.

९ नोव्हेंबर

बेथलहेमहून पाकीट. तळघरातल्या खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात दांडी मिळाली म्हणे. गंजलेली, पण मूळचीच. वाक आणि टोकाचं टोपण दोन्ही बरोबर. मी पैसे विचारले, त्यांनी नको म्हटलं, फक्त लेक वाजवताना एक फोटो मागितला. पाठवला.

विम्याच्या यादीत गिटार १२०० डॉलरला चढवली. फायलीत पावती, शिक्क्याचा, पॉटचा आणि प्रत्येक सांध्याचा फोटो, दोन्ही पिकअपचे आकडे, निळ्या रंगाचे जवळून घेतलेले फोटो. बदललेला जॅकही फोटोत आहे.

उरलेली कामं: दांडीचा गंज तेलाने काढणे, घासकागद नाही. दांडी पकडणारा बारीक स्क्रू आहे का बघणे. डिसेंबरच्या कोरड्या हवेच्या आधी खोलीत ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवणारं यंत्र. लेकीचा सराव रोज संध्याकाळी सात ते आठ.